आयपॅड-पेन्सिलच्या नादात 33,500 गेले, तुम्ही तरी बघून घ्या

लिहू की नको करत चार दिवस गेले. लाज वाटते हो. मी काही पहिल्यांदा स्टायलस धरणारी नाही, पाच वर्षं बिनस्क्रीनच्या पेन टॅबलेटवर पोर्ट्रेट काढते, चादरी-टॉवेलवाल्यांना डिझाइन करून देते, आणि फसले ती नेमकी पेनाच्या दाबात.

सेकंडहँड आयपॅड एअर, पाचवी जनरेशन, सोबत ॲपल पेन्सिल 2. जाहिरातीत 38,000, घासाघीस करून 33,500 ला ठरलं. "अजून दोघं मागं लागलेत मॅडम" म्हणून 2,000 टोकन यूपीआयने घेतलं. तिथं नाव भलतंच आलं, तर म्हणाला मेव्हण्याचं अकाउंट. उरलेले 31,500 रोख पाहिजेत, कारण काय तर अकाउंटला लिमिट आहे. कळतंय, आता सगळं कळतंय. त्यातले 12,000 ताईकडून उसने.

भेटलो पार्क चौकात, चहाच्या गाडीपाशी, दुपारी तीनला. वेळ त्यानेच ठरवलेली. सोलापूरचं एप्रिलचं ऊन, स्क्रीनवर स्वतःचं तोंड सोडून काही दिसत नव्हतं. तरी मी चेक केलं, अगदीच बावळट नाही मी. पेन्सिल कडेला चिकटली, चार्जिंग झालं, तळवा टेकवला तर रेघ उमटली नाही, आडवी धरली तर शेडिंगपण झालं. मग सवयीने एक पाकळी काढली, टोकाला हलका हात, मध्ये दाबून, म्हणजे रेघ टोकाला बारीक, मध्ये जाड यायला पाहिजे. रेघ इथून तिथून सारखीच, सुतळीसारखी. परत काढली, परत तेच. विचारलं तर हसत म्हणाला, "ओ मॅडम, हे साधं ॲप आहे, प्रोक्रिएट टाका, प्रेशर आपोआप चालू होतंय." आणि मी मान डोलावली! माझ्या जुन्या पेनाला 8192 लेव्हलचं प्रेशर आहे, त्यावर पोट चालतं माझं, आणि दोन पाकळ्या डोळ्यांसमोर असताना मी पैसे मोजून दिले. पंचवीस मिनिटं उन्हात उभी होते, डोकं चालत नव्हतं, हे मी स्वतःला रोज सांगते.

डुप्लिकेट पेन्सिलला तिरकं धरलेलं कळतं, तळवा कळतो, दाब कळत नाही. तेवढंच तपासा, बाकी सगळं ती करून दाखवते.

आप्पांनी उभी हयात जकार्डच्या, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीच्या, ग्राफ पेपरवर चौकोन भरले. घरी चष्मा वर करून एकदाच बघितलं आणि म्हणाले, "रेघ मेलेली हाय की गं." एका सेकंदात.

म्हटलं जाऊदे, पेन्सिल दुसरी घेऊ, टॅब तर खरा आहे. रात्री रीसेट मारला तर स्क्रीनवर 'रिमोट मॅनेजमेंट', कुठल्याशा कंपनीचं नाव आणि युजरनेम-पासवर्ड. कंपनीचा टॅब, लॉक तात्पुरता चुकवून विकलेला. दुरुस्तीवाला म्हणाला ज्यांचा आहे तेच काढू शकतात. त्यामुळे रीसेट घरी जाऊन नाही, विकणाऱ्यासमोर मारायचा, आपलं हॉटस्पॉट देऊन होम स्क्रीन येईपर्यंत, आणि तो "घाई आहे" म्हणाला की सरळ रिक्षा पकडायची.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत गेले तर साहेब म्हणतात "बघूनच घेतला ना तुम्ही? मग हे सिव्हिल मॅटर, सायबरला जा." तिकडे दीड तास बाकड्यावर, मग "प्रत्यक्ष भेटून घेतलाय ना, हे आमच्याकडे येत नाही, चौकीत जा." परत चौकी, तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी हवालदार विचारतो, "एवढं महागडं कशाला घ्यायचं ओ, चित्र कागदावर निघत नाहीत का?" अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का नाही म्हणे! आणि वर हा टॅब चोरीचा निघाला तर तुम्हीच अडकाल, ही धमकी मला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मात्र त्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण तक्रार झाली फक्त 2,000 ची, रोखीला पुरावाच नाही. एटीएमच्या स्लिपा माझ्याकडे आहेत, पण त्यावर त्याचं नाव थोडीच आहे. बँकेने तेवढंही "प्रोसेसमध्ये आहे" म्हणून टांगून ठेवलंय.

रोख देऊ नका. चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढा, त्याने मला दुसऱ्याच दिवशी ब्लॉक केलं आणि जाहिरात उडवली.

काल रात्री ती परत दिसली. नाव वेगळं, फोटो तोच, टॅबखाली तीच मोराची चादर, भाव 36,000. रिपोर्ट केलंय, अजून तशीच आहे.