वर्डच्या फायली, तीस रुपये पान

आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकाचे जुने अंक वर्डच्या फायलींत पडून होते. टाइप केलेले अण्णांनी, आमच्या जुन्या ग्रंथपालांनी, वाचनालय बंद झाल्यावर रात्री बसून, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये. अण्णा गेल्यावर त्यांचं हे काम सगळ्यांना वेबवर वाचता यावं असं ठरलं. १,१४० पानं. ओळखीतून आलेल्या एका मुलाने तीस रुपये पान सांगितलं, म्हणजे ३४,२०० रुपये. निम्मे आगाऊ. "काका, प्रत्येक पान हाताने करावं लागतं," असं तो म्हणाला आणि स्वतःच्या लॅपटॉपवर दोन पानं दाखवली. सुरेख दिसत होती. आम्ही होकार दिला.

महिन्याभरात काम आलं. वाचनालयाच्या संगणकावर पाहिलं आणि उरलेले पैसे देऊन टाकले. इथेच आमचं चुकलं. त्याच्या लॅपटॉपवर आणि आमच्या संगणकावर, दोन्हीकडे तोच फॉन्ट होता. संध्याकाळी भाचीने मोबाइलवर पान उघडलं तर एकही मराठी अक्षर नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी.

कारण असं, की जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा मुळात 'क' नसतोच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढला की चित्र जातं. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत 'क'ला ०९१५ हा स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो कुठेही 'क'च राहतो.

त्या मुलाला फोन केला. "काका, वाचणाऱ्यांना फॉन्ट टाकायला सांगा ना. वेब पेज करून देतो म्हटलं होतं, युनिकोड म्हटलं नव्हतं." कोटेशन काढून पाहिलं, खरंच नव्हतं. फार बोलल्यावर त्याने 'दुरुस्त' प्रत पाठवली. तीत प्रत्येक पान म्हणजे एक चित्र! ब्राउझरच्या शोधात 'सह्याद्री' टाकलं, शून्य. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

मग भाचीने पहिल्या प्रतीचं एक पान उघडून कंट्रोल आणि यू दाबलं, की पानामागचा कोड दिसतो. वरच्याच ओळींत लिहिलेलं होतं की हे पान मायक्रोसॉफ्ट वर्डने तयार केलं आहे, आणि खाली परिच्छेदागणिक 'एमएसओ'ने सुरू होणारी वर्डची खूण. म्हणजे फाइल उघडायची, 'सेव्ह ॲज'मध्ये 'वेब पेज' निवडायचं, झालं. वर्डमध्ये ही सोय आयती असते, वेगळा पैसा लागत नाही. शिवाय वर्ड चित्रं शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. ते फोल्डर त्याने दिलंच नव्हतं, म्हणून चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. तीस रुपये पान त्याने याचे घेतले. अण्णांच्या रात्री आठवल्या की मला याचा आजही संताप येतो.

तुमच्याकडे अशा फायली असतील तर नमुना काम करणाऱ्याच्या यंत्रावर पाहू नका. पान आपल्या फोनवर मागवा, त्यात एखादा शब्द शोधा, एक परिच्छेद दुसरीकडे चिकटवून पाहा. कोटेशनवर 'युनिकोड मजकूर, चित्रांसह' असं लिहून घ्या आणि मोबाइलवर वाचल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. मूळ फायलींची प्रत आमच्याकडे होती, एवढ्यावर वाचलो.

आता आम्हीच करतो आहोत. आधी फुकट मिळणाऱ्या परिवर्तकातून युनिकोड, मग मूळ अंक शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचणं. ते वाचन टाळून चालत नाही. ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, आणि 'ऱ्य'चा हमखास 'र्य' होतो. अण्णांच्या एका लेखात सह्याद्रीतल्या 'दऱ्या'चा 'दर्या' झाला होता, डोंगरात समुद्र! २६० पानं झाली आहेत. तो लेख मी दोनदा तपासला.