परसातल्या फळझाडांसाठी बॅटरी पंप आणि बुरशीनाशकं : अकरा महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात पंप घेतला, आता एप्रिल संपत आला, म्हणजे अकरा महिने झाले. घेताना मी जे शोधत होते ते कुठे मिळालंच नाही, सगळे अनुभव एकतर पाच-दहा एकर बागवाल्यांचे नाहीतर गॅलरीतल्या गुलाबवाल्यांचे. घरामागे दहा-पंधरा झाडं आहेत, विकायला काही न्यायचं नाही पण घरचा आंबा घरचं लिंबू खायला मिळावं एवढंच आहे, अशा लोकांसाठी कोणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचं घर देवरुखजवळ. मागे सासऱ्यांनी लावलेला जुना हापूस आहे, तीस फुटांच्या आसपास उंच, एक सात वर्षांचं हापूसचं कलम, दोन लिंबं, एक पेरू आणि कडेला अकरा पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, जून ते सप्टेंबर पानं कधी कोरडी होतच नाहीत, त्यामुळे बुरशी ही आमच्याकडे दरवर्षीची पाहुणी आहे.

आधी एक गोष्ट सांगते, कारण पंपापेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे. पंप घ्यायच्या आदल्या दोन वर्षी जुन्या आंब्याची पानं काळी पडायची, काजळी धरल्यासारखी. दुकानात गेले, म्हटलं बुरशी आहे, त्यांनी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी दिली, माणूस लावून मारून घेतली, काही फरक नाही. पुढच्या वर्षी परत तेच. शेवटी कृषी सहाय्यक गावात आले होते त्यांना पान दाखवलं, त्यांनी बोटाने पुसलं तर काळं निघून आलं आणि खाली पान हिरवंगार. ते म्हणाले ताई ही बुरशी तुडतुड्यांच्या मागून येते, मोहोरावर तुडतुडे रस पितात, गोड चिकट पाणी सोडतात, ते पानांवर पडतं आणि त्या गोडावर ही काळी बुरशी वाढते. तुडतुडे कमी केले की ही आपोआप जाते, नाहीतर बुरशीनाशक कितीही मारा, उपयोग नाही. दोन वर्षांचे पैसे आणि औषध दोन्ही फुकट गेलं आणि झाडावर नको ते रसायन पडलं ते वेगळंच, याचं मला अजून वाईट वाटतं.

लिंबाचंही तसंच. पानांवर आणि फळांवर खरबरीत तपकिरी खवले, भोवती पिवळं कडं, त्याला आमच्याकडे खैऱ्या म्हणतात. तो जिवाणूंचा रोग आहे, बुरशीचा नाहीच, त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखं औषध त्याला काही करत नाही, तांबं असलेलं औषध चालतं. शिवाय पानात नागमोडी रेषा काढणारी नागअळी जखमा करते आणि त्या जखमांतून खैऱ्या आत शिरतो, म्हणजे नागअळीकडेही बघावं लागतं. तेव्हा पान तोडा, पिशवीत घाला, कोणाला तरी कळणाऱ्या माणसाला दाखवा, मग दुकानाची पायरी चढा.

आता पंप. मी घेतला तो १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरीचा, अडीच-तीन हजारांच्या मधला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण आतले भाग बहुतेकांचे सारखेच वाटले, १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी, छोटी मोटर, प्लास्टिकची टाकी, चार नोझल. घेताना वाटलं मोठी टाकी म्हणजे कमी फेऱ्या. पण १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो, पंपाचं स्वतःचं वजन पाच-सहा किलो, मिळून वीस-बावीस किलो पाठीवर घेऊन उतारावर चालायचं, माझ्याच्याने पहिल्या दिवशीच झालं नाही. तेव्हापासून आठ लिटरच भरते. बायकांनी किंवा वयस्कर माणसांनी घेणार असाल तर आठ-दहा लिटरचाच बघा, घरामागच्या झाडांना तेवढं पुरतं, आणि एकदा पाण्याने भरून दुकानातच पाठीवर घेऊन बघा, लाजू नका.

बॅटरीबद्दल. जुलैत एक फवारणी करून पंप पडवीत ठेवला तो थेट ऑक्टोबरात काढला, तर मोटर नुसती गुरगुरायची आणि धार पडायची नाही. बॅटरी बसली होती. लेड ॲसिड बॅटरी रिकामी ठेवली की आतून खराब होते, महिन्यातून एकदा तरी पूर्ण चार्ज करायलाच हवी, हे सोबतच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात होतं पण दुकानदाराने सांगितलं नाही. दुकानात नेला तर म्हणाले बॅटरीला वॉरंटी नाही. नवीन घालून घेतली, आता कॅलेंडरवर दर एक तारखेला खूण केलेली आहे. लिथियमवाले पंपही मिळतात, वजनाला हलके पण महाग, पुढचा घेतला तर तो घेईन.

नोझलमुळे सगळ्यात जास्त फरक पडला. पहिले दोन महिने मी जे लावून आलं होतं तेच वापरत होते, त्यातून मोठे थेंब पडायचे, पानावरून ओघळून खाली जायचे, अर्धं औषध मातीत. मग पोकळ शंकूसारखा फवारा देणारं नोझल लावलं, थेंब बारीक, पानाच्या खालच्या बाजूलाही बसतात, आणि त्याच आठ लिटरमध्ये दोन्ही लिंबं आणि कलम होऊन थोडं उरायला लागलं. पान ओलं दिसलं की थांबायचं, थेंब गळायला लागले म्हणजे जास्त झालं. आणि नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकर कधीच मारू नका, मी जुना टूथब्रश ठेवलाय त्यासाठी.

जुन्या आंब्यापर्यंत मात्र हा पंप पोचत नाही. शिडीवर चढून हात वर करून केलं तर औषध आपल्याच तोंडावर पडतं. त्याला रॉकर (दांडा मागे-पुढे करून चालवायचा पंप) नाहीतर पेट्रोलचा मोठा पंप आणि लांब काठी लागते, तो आम्ही गावातल्या माणसाला बोलावून करून घेतो, त्याच्याकडे सगळं आहे. स्वतः सगळं करायचा हट्ट इथे सोडला. पोफळींचंही तसंच, चढणारा गडी वर, पंपाची नळी खालून.

औषधांपैकी मला सगळ्यात जास्त विश्वास बोर्डो मिश्रणावर बसला. मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, यातच तांबं असतं) आणि चुना, बास. १ टक्क्याचं करायचं तर १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात टांगून ठेवते, चुना दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्यात विरवून मग पाच लिटर करते, सकाळी दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतायचं आणि काठीने ढवळत राहायचं. लोखंडाची किंवा पत्र्याची बादली अजिबात नको. निळंशार आकाशी झालं की विळ्याचं स्वच्छ पातं बुडवून बघायचं, पात्यावर तांबूस थर आला तर आम्लपणा आहे, चुन्याची निवळी अजून घालायची, नाहीतर पानं करपतात. आणि त्याच दिवशी संपवायचं, उद्याला ठेवलं तर उपयोग नाही. याची गोष्ट मला फार आवडते, फ्रान्समध्ये बोर्डोकडे रस्त्याकडेच्या द्राक्षांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात मारू नये म्हणून शेतकरी हे निळं शिंपडायचे, तिथल्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेली रोगातून वाचल्यात, आणि १८८५ मध्ये त्याने ते छापून मांडलं.

पोफळींना पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या आधी मेअखेर, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप मिळाली तेव्हा. आधीच्या वर्षी कोवळी सुपारी कुजून खाली सडा पडायचा, या वर्षी गळ झाली पण निम्म्याहून कमी, हे माझं डोळ्यांनी बघितलेलं आहे, मोजून नाही. लिंबाच्या बुंध्याशी डिंक येत होता, तिथे साल खरवडून बोर्डो पेस्ट लावली, ती १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या मापाची, मी त्याचा दहावा भाग केला. बुंध्याशी पाणी साचत होतं तो चरही मोकळा केला, आणि मला वाटतं निम्मं काम त्या चराने केलं.

एक अडचण, चुन्यामुळे पंपाची गाळणी तुंबते. जुन्या सुती साडीच्या दोन पदरांतून गाळून मगच टाकीत ओतायचं, आणि संपल्यावर लगेच तीन वेळा साध्या पाण्याने पंप चालवून धुवायचा. मी एकदा दुपारी जेवायला गेले आणि तसाच ठेवला, ट्रिगरच्या आतलं वायसर खराब झालं. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी तयार कॉपर ऑक्सिक्लोराईड घ्यावं, लिंबाला मी ऑक्टोबरात खैऱ्याच्या फांद्या छाटून झाल्यावर तेच मारलं, पण मुसळधार पावसात बोर्डो जास्त चिकटून राहतं हे मात्र खरं. तांबं मातीत साठत जातं, गांडुळांना ते चांगलं नाही, म्हणून वर्षाला ठरलेल्या फवारण्यांपलीकडे मी जात नाही.

आंब्याला डिसेंबर-जानेवारीत मोहोरावर भुरी आली, पांढरी पीठ भुरभुरल्यासारखी. त्याला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आंब्याचं फवारणी वेळापत्रक घेऊन बसले, दरवर्षी बघावं असं आहे ते, कीडनाशक आणि बुरशीनाशक कोणत्या टप्प्याला काय ते सगळं दिलेलं असतं. कलमावर एकदा पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम, आणि पंधरा दिवसांनी हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, १० लिटरला ५ मिली. एक स्पर्शजन्य आणि एक आंतरप्रवाही, म्हणजे एक पानाच्या वर बसून काम करतं आणि दुसरं आत शिरतं. आंतरप्रवाही तेच तेच सारखं मारलं तर बुरशी त्याला सरावते म्हणून आलटून-पालटून. गंधक सकाळी सातलाच मारलं, ऊन चढल्यावर ३५ अंशांच्या पुढे गंधकाने मोहोर आणि कोवळी पानं भाजतात. मोहोर पूर्ण फुललेला असताना काहीच मारलं नाही, तेव्हा मधमाश्या आणि बाकीच्या माश्या काम करत असतात, त्यांच्याशिवाय फळ धरणार कसं.

छोट्या मापाचं काय करायचं हा आपल्यासारख्यांचा खरा प्रश्न. सगळीकडे १० लिटरला इतकं, १०० लिटरला तितकं. मला एका कलमाला चार लिटर लागतं, म्हणजे गंधक ८ ग्रॅम आणि हेक्झाकोनॅझोल २ मिली. चमचा-झाकण हे अंदाज सोडून द्या. मी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आणला आणि केमिस्टकडून ५ मिलीची सिरिंज, दोन्हीवर लाल पेनने खूण केली आणि औषधाच्याच डब्यात कुलपात ठेवलंय, स्वयंपाकघरात ते कधी येणार नाही. औषध घेताना सगळ्यात छोटं पाकीट मागा, सुटी पुडी बांधून देत असतील तर घेऊ नका, त्यावर ना नाव ना तारीख ना विषबाधेवरचा उतारा. पाकिटावरचा चौकोन बघा, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात कमी. घरामागच्या झाडांसाठी लाल-पिवळ्याला मी हात लावत नाही.

हिरवा असला तरी मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या हे हवंच. २०१७ साली यवतमाळमध्ये कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, ते वाचल्यापासून मी घरातल्या कोणाला उघड्या अंगाने पंप घेऊ देत नाही, कोण काय म्हणेल त्याची पर्वा नाही. वारा पाठीमागून घ्यायचा, कोंबड्या आधी खुराड्यात घालायच्या, विहिरीच्या बाजूला पंप धुवायचा नाही, कपडे वेगळे धुवायचे.

लिंबाच्या बाबतीत आणखी एक. आंबा एकदाच उतरतो पण लिंबू रोज कोणीतरी तोडतं. फवारल्यानंतर किती दिवस फळ काढायचं नाही ते पाकिटावर दिलेलं असतं, तेवढे दिवस मी झाडाला लाल चिंधी बांधते. सासूबाईंना दिसतं लाल, त्या मग बाजारातून लिंबं आणायला सांगतात.

फेब्रुवारीत दोन दिवस अवकाळी पडला आणि कलमाच्या कैऱ्यांवर काळे ठिपके आले, करपा. तेव्हा आणखी औषध मारण्यापेक्षा अंड्याएवढ्या झालेल्या कैऱ्यांना कागदी पिशव्या बांधल्या, त्रेचाळीस. आठवड्यापूर्वी पहिल्या नऊ उतरवल्या, पिशवीतल्या साफ निघाल्या, उंचावर हात पोचला नाही म्हणून राहिलेल्या चारांपैकी तीन डागाळलेल्या. पुढच्या वर्षी पिशव्या आधी आणि गंधक एखादी फवारणी कमी असं करून बघणार आहे.

मोरचूद आणि चुना आणून ठेवलाय, पंपाचं वायसर नवीन घातलंय. पोफळींसाठी गड्याला मेच्या २५ तारखेच्या आसपासचं सांगून ठेवलंय, पाऊस लवकर दिसला तर त्याच्याही आधी.