गोल्ड एसएमपीएस, घरचा वॉटमीटर आणि काही महिन्यांचा वापर

लॅमिंग्टन रोडवरून कॉर्सेअरचा आरएम550एक्स हा 550 वॉटचा एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना लागेल तशी करून देणारा पॉवर सप्लाय) आणला त्याला आता बरेच महिने झाले. कोपरखैरण्याचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याने काढलेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. माझं काम लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगचं. मशीन दिवसाला दहाएक तास चालू असतं, त्यात रेंडर (एडिट केलेल्याची अंतिम व्हिडिओ फाइल बनवणं) फार तर दोन तास. बाकी वेळ क्लिप बघायच्या, कापायच्या, जोडायच्या.

आधीचा एसएमपीएस लोकल होता, कुठलंही सर्टिफिकेट नसलेला. बदलण्याआधी सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर घेतला. हा मीटर भिंतीतून किती वीज ओढली एवढंच सांगतो. एसएमपीएसची खरी कार्यक्षमता काढायची तर त्याने पुढे किती दिली हेही मोजावं लागतं आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक लोड (ठरवून तेवढी वीज ओढणारं चाचणीचं यंत्र) लागतो. तो घरी कुठला असणार? म्हणून मशीन तेच, प्रोजेक्ट तोच, पंखाही त्याच स्पीडवर ठेवून फक्त एसएमपीएस बदलला आणि फरक पाहिला. अर्धा तास मशीन गरम होऊ दिलं, मगच आकडे लिहिले.

साध्या कामात जुना 71 वॉट ओढायचा, नवा 58. रेंडरला 236 चे 208 झाले. महिन्याला चारेक युनिट वाचतात. दहा रुपये युनिट धरला तरी चाळीस रुपये. फक्त बिलासाठी घेणार असाल तर पैसे वसूल व्हायला वर्षं लागतील, हे आधीच सांगून ठेवतो. मला खरा फायदा झाला तो उष्णतेचा. वाया जाणारी वीज कॅबिनेटमध्ये उष्णता होऊनच बाहेर पडते, आणि मे महिन्यात या खोलीत तेवढीही नको असते. हलक्या लोडला याचा पंखा फिरतच नाही, त्यामुळे ऑडिओ जुळवताना खोली शांत असते.

आता लेबलबद्दल. 80 प्लस हे एसएमपीएसच्या कार्यक्षमतेचं सर्टिफिकेट 2004 पासून आहे; गोल्ड ही त्यातली एक पातळी. गोल्डसाठी 115 व्होल्टवर 20, 50 आणि 100 टक्के लोडला अनुक्रमे 87, 90 आणि 87 टक्के कार्यक्षमता लागते. आपल्याकडे 230 व्होल्ट, तिथे आकडे साधारण एक-दोन टक्क्यांनी चांगलेच येतात. पण 550 चे 20 टक्के म्हणजे 110 वॉट. माझं मशीन दिवसातला बराचसा वेळ त्याच्या निम्म्यावर असतं, म्हणजे जिथे माझा जास्त वेळ जातो तिथलं गोल्डचं लेबल काहीच सांगत नाही. 10 टक्के लोडची अट टायटॅनियम या गोल्डच्या वरच्या पातळीला आहे. शिवाय ही चाचणी 23 अंशांच्या आसपास होते. आपल्या कॅबिनेटमध्ये तेवढं गार कधी असतं?

म्हणून साडेसातशे-हजार वॉटचा घ्या असं दुकानदार म्हणाला तरी आधी आपलं मशीन भिंतीतून किती ओढतं ते मोजा. मोठं ग्राफिक्स कार्ड टाकणार असाल तर गोष्ट वेगळी, नाहीतर मशीन कायम तळाच्या लोडवर राहतं. सायबेनेटिक्स या एसएमपीएस तपासणाऱ्या संस्थेचे चाचणी अहवाल जरूर बघा. त्यात 230 व्होल्टचे आणि अगदी हलक्या लोडचेही आकडे असतात. निवड करताना मला त्यांचा लेबलपेक्षा जास्त उपयोग झाला.

पॉवर फॅक्टरही पाहिला, म्हणजे वॉट भागिले व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर). रेंडरला जुन्याचा 0.65 च्या आसपास, नव्याचा 0.97. घरगुती बिल युनिटवर येतं, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. पण यूपीएसवर पडतो: 363 व्हीए लागायचे तिथे आता 215 च्या आत भागतं.

एक काळजी मात्र घ्या. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर नीट चालत नाहीत. लाईट जाताच मशीन बंद पडतं. माझ्याकडे तसं झालं नाही. तरी नवीन जोडल्यावर महत्त्वाचं काम सेव्ह करा, रेंडर लावा आणि यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करून बघा. पावसाळ्याच्या आधी.