नॉब २०० वर, आतली हवा १७० वर: ओटीजी आणि बेक्ड पास्ता, आठ महिन्यांनंतर

हा ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेला विजेचा छोटा ओव्हन, मी मुख्यतः रात्रीच्या जेवणाला बेक्ड पास्ता करता यावा म्हणून घेतला. त्याचे लिटर, वॅट आणि आतल्या तापणाऱ्या दांड्यांची संख्या खोक्यावर छापलेलीच असते, त्यामुळे येथे फक्त तापमानाच्या नॉबविषयी लिहितो. पहिले तीन महिने माझी चिडचिड झाली ती त्याच्यामुळेच.

२०० अंशांवर पंचवीस मिनिटे ठेवूनही वरचे चीज वितळून पांढरेच राहत असे आणि रंग यावा म्हणून आणखी दहा मिनिटे ठेवले की खालचा पास्ता कोरडा पडत असे. तक्रार केल्यावर आलेल्या तंत्रज्ञाने नॉब फिरवला, ठरवलेले तापमान गाठले की विझणारा दिवा लागतो आणि विझतो हे मला दाखवले, ‘यंत्र ठीक आहे’ असा शेरा मारला आणि कागद सहीसाठी पुढे केला. मी सही केली नाही. तापमान मोजण्याचे कोणतेही साधन न आणता तापमान बरोबर असल्याचा निर्वाळा कसा देता येतो, हे मला अजूनही कळलेले नाही. शेवटी पदरचे पैसे घालून ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला आणि बॅटरीच्या उजेडात काचेतून डोकावून पाहिले. दिवा विझला तेव्हा काटा १५० वर होता आणि आणखी पंधरा मिनिटांनी तो कसाबसा १७० ला पोहोचला. तेव्हापासून मी नॉब २२५ वर ठेवतो आणि दिव्याकडे लक्ष न देता वीस मिनिटे ओव्हन तापू देतो.

मात्र येथे मला माझे मत थोडे बदलावे लागते. तापमान सुधारल्यावर चीजला रंग आला, पण पास्ता तरीही कोरडाच निघाला, आणि तो दोष सर्वस्वी माझा होता. मी पाकिटावर लिहिलेली अकरा मिनिटे पास्ता पूर्ण शिजवत होतो आणि व्हाइट सॉस चमच्याला जाड थर धरेल इतका आटवत होतो. पास्ता ओव्हनमध्येही द्रव शोषत राहतो, हे मी लक्षातच घेतले नव्हते. आता २५० ग्रॅम पास्ता तीन मिनिटे आधीच, मधोमध किंचित कचकचीत असताना उपसतो. २५ ग्रॅम लोणी आणि तेवढाच मैदा परतून त्यात ६०० मिलिलिटर दूध घालतो आणि वर पास्ता उकडलेले पिठूळ पाणी वाटीभर ओततो. भांड्यात सगळे एकत्र केल्यावर ते चुकल्यासारखे पातळ दिसते, आणि तसेच दिसायला हवे. पहिली पंधरा मिनिटे भांड्यावर फॉइल घट्ट बसवतो, नंतर ते काढून आणखी दहा मिनिटे ठेवतो.

चीजच्या बाबतीत माझ्या काटकसरीचा आणि चवीचा प्रथमच मेळ बसला. किसलेल्या चीजच्या पाकिटात कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेले असते आणि त्यामुळे ते तितकेसे एकजीव वितळत नाही. अख्खी वडी आणून ऐन वेळी किसणे हे स्वस्तही पडते आणि चांगलेही लागते. पाण्यात ठेवलेले ताजे मोझरेला मात्र या पदार्थावर वाया जाते, कारण त्याचे पाणी सुटून वर डबके साचते.

चीजला रंग आणण्यासाठी शेवटची तीन मिनिटे फक्त वरची दांडी चालू ठेवली तरी पुरते, हे मला पाचव्या महिन्यात समजले. म्हणजे केवळ रंगासाठी एवढा वाद घालण्याची गरज नव्हती, हे मान्य. त्या तीन मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नये. कडेचे चीज आधी बुडबुडते, मग तपकिरी होते आणि फोन घेऊन येईपर्यंत काळे पडते. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे हात लावला नाही तर सॉस धरतो आणि वाढताना डाव कुरकुरीत पापुद्रा फोडून सरळ तळापर्यंत जातो. कोपऱ्यातला करपट तुकडा कोणाच्या ताटात पडावा यावरून आमच्याकडे वाद होतात, त्याअर्थी पदार्थ जमला आहे.

याच पैशांत हाच ओटीजी पुन्हा घ्याल का, असे विचारल्यास घेईन, पण थर्मामीटर त्याच दिवशी आणेन. थर्मामीटरच्या छायाचित्रासह मी दुसरी तक्रार केली, तेव्हा घरगुती उपकरणाचे मोजमाप पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, असे उत्तर आले. वॉरंटीचे चार महिने अजून शिल्लक आहेत आणि तिसरी तक्रार मी लिहून ठेवली आहे. तोवर नॉबभोवती २२५ च्या जागी ‘२००’ लिहिलेली कागदाची पट्टी चिकटवली आहे. मार्करने केलेली खूण पुसताना दोनदा निघून गेली होती.