थारला चाक कोणतं: १६ इंची लोखंडी की १८ इंची अलॉय?
२०२० साली आलेल्या महिंद्रा थारमध्ये दोन्ही मापं मिळायची: लोखंडी रिमवर २४५/७५ आर१६, अलॉयवर, म्हणजे मिश्रधातूच्या रिमवर, २५५/६५ आर१८. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बगलेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. अलॉय देखणं, यात वाद नाही. पण टायरची बगल, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधली रबरी भिंत, मोजा. २४५ चे ७५ टक्के म्हणजे १८४ मिलिमीटर. २५५ चे ६५ टक्के जेमतेम १६६. चिखलात हवा कमी केली की ही बगलच दबते, टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि पकड वाढते. सह्याद्रीतल्या दगडी वाटेवर रिम आणि खडक यांच्यामध्येही तेवढंच जास्त रबर राहतं.

शिवाय लोखंडी रिम आपटला तर बहुधा वाकतो. ठोकूनठाकून घरापर्यंत येता येतं. अलॉय तडकला की थेट स्टेपनी काढायची.

महामार्गावर मात्र अलॉय सरस: वळणावर गाडी कमी डुलते, स्टिअरिंग नेमकं लागतं. आठवड्याचे सहा दिवस मुंबई-पुणे असेल तर तेच ठेवा, वर ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्चा, दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर चढवा. मड-टेरेनचा, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरचा, घोंघाट द्रुतगती मार्गावर डोकं उठवतो.

मी १६ इंचीच घेईन, आणि सोबत हवेचा छोटा पंप. काढलेली हवा डांबरी रस्ता लागताच परत भरावी लागते, हे बरेच जण विसरतात.