तिबोटी खंड्या आणि १५०-६०० लेन्स: सहा महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये ही १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतली ती एकाच पक्ष्यासाठी. तिबोटी खंड्या पावसाबरोबर कोकणात विणीला येतो आणि कर्नाळ्यापासून चिपळूणपर्यंत रानातल्या वहाळांवर दिसतो. जेमतेम १३ सेंटिमीटरचा जीव. पिवळंधमक पोट, जांभळी झाक असलेलं नारिंगी डोकं, लालभडक चोच. जुन्या ३०० मिमीत तो नुसता ठिपका दिसायचा. ६०० ला डोळ्यातली चमकसुद्धा येते. पैसे तिथेच वसूल झाले.

अडचण उजेडाची. जुलैत झाडीखाली सकाळी दहालाही अंधारलेलं असतं आणि ६०० ला अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) एफ/६.३ च्या पुढे उघडत नाही. सुरुवातीला शटर १/५०० सेकंद धरायचो. आयएसओ (कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) १२८०० वर जायचा आणि त्या सुंदर पिवळ्याचा पार चिखल व्हायचा. आता ट्रायपॉड, रिमोट, १/६० आणि आयएसओ १६००. खंड्या बसल्या जागी डोकं वरखाली करत राहतो, त्यामुळे बरेच फोटो हलतात. पण जो साधतो, त्यात पीसन्‌पीस दिसतं. ऑटोफोकस पानांत अडकतो, म्हणून एकच पॉइंट डोळ्यावर ठेवा. फ्लॅश मात्र कुणीही वापरू नका, फोटो नाही मिळाला तरी चालेल.

पावसाचं म्हणाल तर, झूम करताना नळी बाहेर सरकते आणि दमट हवा आत ओढली जाते. ऑगस्टमध्ये आतल्या काचेवर बुरशीचा केसाएवढा धागा दिसला. ‘पावसात बिनधास्त वापरा’ असं विकताना सांगितलं होतं. दुरुस्तीला तीन आठवडे गेले, तेही ऐन हंगामात. फार वाईट वाटलं. तेव्हापासून घरी आलो की आधी लेन्स पुसायची, मग सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. गाडीत एसी लावत नाही, नाहीतर उतरल्या उतरल्या काच धुरकटते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला वहाळावरच्या एका मुळीवर तो सापसुरळी घेऊन बसला. दोनदा मुळीवर आपटली, मग तिचं डोकं चोचीबाहेर राहील अशी फिरवून धरली. म्हणजे घास पिल्लांसाठी होता आणि घरट्याचं बीळ जवळच, बहुधा माझ्या मागच्या मातीच्या दरडीत. चार फोटो झाले होते. ट्रायपॉड तसाच उचलला आणि वळणापर्यंत मागे आलो. तो लगेच उडाला, थेट दरडीकडे.