वाळूजच्या गॅरेजमधील हेड गॅस्केटची तपासणी

बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) वाढवलेल्या माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) शहरात टिकत असे, पण जालन्याच्या रस्त्यावर वेग घेताच टाकीतून बाहेर फेकले जाई; इंजिनचे तेल स्वच्छ असल्याने एका मेकॅनिकने हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांमधील सील) ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता. वाळूजच्या मिस्त्रींनी ती समजूत खोडली: गळती फक्त सिलिंडर आणि पाण्याच्या मार्गादरम्यान असेल, तर तेलात पाणी मिसळत नाही आणि ते पांढरट होत नाही. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेले निळे द्रावण ज्वलनवायूमुळे पिवळे पडले. मग तिसऱ्या सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरताच कूलंटमध्ये बुडबुडे आले. हेड उघडण्याआधी इतका पुरावा मला कोणीच दाखवला नव्हता. हेडची सपाटी मोजण्याचा आणि हेड घट्ट धरणारे मजबूत स्टड घालण्याचा त्यांचा आग्रहही मला पटला. काम मात्र आठवडाभर लांबले.